शब्दचर्चा : 'केजू'ला 'सनदी परीक्षा' म्हणावे का?

प्रश्न

चीनच्या इतिहासावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात 'केजू' हा शब्द पानोपानी येतो. इंग्रजीत त्याला 'सिव्हिल सर्व्हिस एक्झामिनेशन' म्हणतात, म्हणून मी बिनदिक्कत 'सनदी परीक्षा' लिहीत गेले. पण एका वाक्यापाशी अडले (ताइपिंग बंड म्हणजे १९व्या शतकात छिंग राजघराण्याविरुद्ध झालेला मोठा उठाव) : 'ताइपिंग बंडाचा नेता होंग श्योच्वान सनदी परीक्षेत चारदा नापास झाला.' वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस कलेक्टर व्हायचा थोडक्यात राहिला. खरेच तसे होते का? दुसरे म्हणजे, कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ शिकून या परीक्षांना बसणाऱ्यांना काय म्हणू? 'विद्वान', 'पंडित' की 'कन्फ्यूशियसवादी'?

प्रतिसाद

तसे अजिबात नव्हते, आणि तुम्ही अडलात ती जागा महत्त्वाची आहे. होंग दक्षिणेतल्या ग्वांगचौ शहरात ज्या परीक्षेसाठी जात होता ती सगळ्यात खालची पायरी. ती चढला असता तर तो 'शंगयुआन' झाला असता, रोजच्या बोलीत 'श्योत्साय'. त्याने नोकरी मिळत नसे, मिळत असे तो दर्जा. वेठ माफ होई, विशिष्ट झगा घालता येई, आणि कुठल्याही अधिकाऱ्याला त्याची पदवी आधी काढून घेतल्याशिवाय त्याला फटके मारता येत नसत. थोड्यांना सरकारी शिधा मिळे. बाकीचे गावातली पोरे शिकवत, लोकांचे अर्ज लिहून देत आणि पुढच्या परीक्षेची तयारी करत म्हातारे होत. हा दर्जाही एकदा मिळाला की सुटलो असा नव्हता, तो टिकवायला ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा द्यावी लागे.

पुढची पायरी 'जूरन'. मिंग आणि छिंग या शेवटच्या दोन राजघराण्यांच्या काळात (१३६८–१९१२) ही परीक्षा दर ३ वर्षांनी, शरद ऋतूत, प्रांताच्या राजधानीत होई. नानजिंगच्या परीक्षास्थळी २०,०००हून जास्त कोठड्या होत्या. प्रत्येकीत दोन फळ्या, दिवसा एक बसायला आणि एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून झोपायला. तिथून जे निघत ते पुढच्या वसंतात राजधानीला जात. ती परीक्षा पार झाली की राजवाड्यातली शेवटची, आणि मग 'जिनशी'. छिंग काळात एका खेपेला साधारण दोनशे-तीनशे जिनशी होत. पदाची बऱ्यापैकी खात्री इथे येते. जूरनला लहानसहान पद मिळू शके, पण त्यासाठी वाट पाहावी लागे.

म्हणजे खालच्या पायरीवर पास झालेले लाखो लोक, आणि त्यांतले बहुतेक सरकारी कचेरीत कधी बसलेच नाहीत. 'सनदी परीक्षा' म्हटले की हे सगळे लोक वाचकाच्या नजरेतून निसटतात. 'स्पर्धा परीक्षा' त्याहून नको. त्या शब्दाबरोबर आपल्याकडे जाहिरात, पदसंख्या आणि नियुक्तीपत्र आपोआप येते.

मूळ शब्दात तर 'परीक्षा' नाहीच. 'के' म्हणजे वर्ग, शाखा. 'जू' म्हणजे उचलणे, वर करणे, पुढे करणे. हान राजघराण्याच्या काळात स्थानिक अधिकारी चांगली माणसे हेरून दरबाराकडे 'पुढे करत'. इ.स.पू. १३४पासून सम्राट वू याने त्याला नियमित रूप दिले. अशा माणसाला 'श्याओल्यान' म्हणत, म्हणजे आईबापांची सेवा करणारा आणि हात स्वच्छ असलेला. सुई आणि तांग काळात (५८१–९०७) शिफारस करणाऱ्याची जागा हळूहळू परीक्षेने घेतली, पण क्रियापद जुनेच राहिले. 'जूरन' म्हणजे शब्दशः 'पुढे केलेला माणूस'. मिंग-छिंग काळात तर जूरनला आदराने 'श्याओल्यान' म्हणत, जरी त्याच्या मातृपितृभक्तीची कुणी चौकशीही केलेली नसे. म्हणून माझे मत : 'केजू' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'परीक्षेने होणारी निवड' असे लिहा.

प्रतिसाद

'सनद' शब्दाची बाजू मांडतो. तुम्ही ज्या 'सनदी'ला घाबरता तो कंपनी सरकारचा. कंपनीशी करारपत्र करून आलेले ते सनदी नोकर. त्या जागा १८५३च्या कायद्याने स्पर्धेला खुल्या झाल्या आणि १८५५मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. (त्या सुमाराला ब्रिटनमध्ये अशा परीक्षांवर जो वाद झाला त्यात चीनचे उदाहरण वारंवार दिले गेले, म्हणजे हे दोन शब्द अगदीच परके नाहीत.) पण सनद त्याहून जुनी आहे. वतनाची सनद, इनामाची सनद. आजही वकिलाला सनद मिळते, अशील मिळेलच असे नाही. श्योत्सायला जे मिळे ते नेमके हेच. सत्तेने दिलेला, काढूनही घेता येणारा अधिकार.

प्रतिसाद

वकिलाची सनद पटली. श्योत्सायसाठी 'सनद' नाम म्हणून वापरायला माझी हरकत नाही. 'सनदी' विशेषणाला मात्र आहे, कारण त्याच्यामागून मराठीत 'अधिकारी' येतोच.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. चिनी भाषेत कन्फ्यूशियसच्या नावावरून 'वाद' ठेवलेला नाही. शब्द आहे 'रू'. त्याची विद्या ती 'रूश्वे', त्याची परंपरा ती 'रूज्या'. हे रू कन्फ्यूशियसच्या (इ.स.पू. ५५१–४७९) आधीपासून होते : विधी, संगीत, जुने ग्रंथ जाणणारे लोक. इ.स. १००च्या सुमारास शू शनने रचलेल्या कोशात 'रू'चा अर्थ 'मऊ' असा दिला आहे, त्याच उच्चारकुळातल्या शब्दावरून. 'कन्फ्यूशियस' हे रूप 'कुंग फूत्झ'चे जेझुइट पाद्र्यांनी केलेले लॅटिन आहे, ते इंग्रजीतून आपल्याकडे आले.

'पंडित' वाईट नाही, 'शास्त्री' विधींच्या बाबतीत आणखी जवळचा. पण आपल्याकडे या दोन्ही शब्दांना जातीचा वास आहे आणि रू जन्माने होत नसे. केजू कागदोपत्री बहुतेक पुरुषांना खुली होती. नट, काही हलकी मानलेली कुळे आणि सगळ्या स्त्रिया मात्र बाहेर. वर्षानुवर्षे मुलाला शेतातून मोकळे ठेवणे कुणाला परवडणार, हा प्रश्न वेगळाच. मी 'रू' ठेवीन. १८व्या शतकातल्या वू जिंगत्झच्या कादंबरीच्या नावातही हाच रू आहे, 'रूलिन वायशी', म्हणजे रूंच्या वनाची बखर, पण दरबारी नव्हे. त्यात फान जिन नावाचा माणूस पन्नाशी उलटल्यावर जूरन होतो आणि आनंदाने वेडा होतो. त्याला भानावर आणायला खाटीक सासऱ्याला थोबाडीत मारावी लागते. हा प्रसंग 'सनदी परीक्षा उत्तीर्ण झाला' असा वाचला तर कळतच नाही. कालपर्यंत त्याला शिव्या देणारा सासरा हात उचलायला का घाबरतो, हे 'दर्जा' कळल्यावरच उमगते.

प्रतिसाद

थोडे विषयांतर, पण शब्दचर्चेत शोभेल. या परीक्षांतून वर आलेल्या अधिकाऱ्यांना युरोपी लोक 'मँडरिन' म्हणू लागले. चिनीत तसा शब्द नाही, तिथे 'क्वान'. पोर्तुगीजांनी हा शब्द मलायातून उचलला, मलाय 'मंतरी', आणि तो आपल्या संस्कृत 'मंत्रिन्'वरून. अधिकाऱ्यांची बोली ती 'क्वानह्वा', तिलाही युरोपीयांनी मँडरिनच म्हटले. १७२८मध्ये सम्राट योंगचंगने फुज्येन आणि ग्वांगतोंगच्या उमेदवारांना ही बोली शिकवायचा हुकूम काढला, कारण तिकडचे अधिकारी समोर बोलू लागले की त्याला कळत नसे.

मूळ प्रश्नकर्ती

फार मदत झाली. 'केजू', 'रू' आणि पदव्यांची मूळ नावे ठेवते. आणखी दोन गोष्टी. मजकुरात कन्फ्यूशियसचे म्हणून एक वचन आहे, 'जो अभ्यासात श्रेष्ठ ठरेल त्याने अधिकारी व्हावे.' आणि एका ठिकाणी 'तो सुन शानच्या पलीकडे पडला' असे आहे. हा सुन शान डोंगर आहे का?

प्रतिसाद

वचन 'लुनयू'च्या, म्हणजे कन्फ्यूशियस आणि शिष्यांच्या वचनसंग्रहाच्या, १९व्या प्रकरणातले, पण बोलणारा कन्फ्यूशियस नाही, त्याचा शिष्य त्झश्या आहे. आणि ते अर्धेच उद्धृत होते. पूर्ण वाक्य असे : पदावर असून 'यौ' असेल तर शिकावे, शिकून 'यौ' असेल तर पद घ्यावे. सगळी गंमत 'यौ'मध्ये आहे. आजच्या चिनीत त्याचा अर्थ 'उत्कृष्ट', म्हणून तुमच्या मजकुरात 'श्रेष्ठ' आले. पण या ग्रंथांचा भाष्यकार चू शी (११३०–१२००) याने स्वच्छ लिहिले आहे की 'यौ' म्हणजे शिल्लक राहिलेली ताकद. कामातून सवड उरली तर शिका, शिकून बळ उरले तर काम पत्करा. 'श्रेष्ठ' म्हटले की ते परीक्षेचे घोषवाक्य होते, 'सवड' म्हटले की शिकणे आणि राबणे एकमेकांत गुंफलेले दिसतात.

मला हे मनापासून लागते, कारण चू शी स्वतः वयाच्या १९व्या वर्षी जिनशी झालेला माणूस. परीक्षेपुरत्या शिकण्यावर तो आयुष्यभर टीका करत राहिला. 'लुनयू'तच कन्फ्यूशियसचे वचन आहे की पूर्वीचे लोक स्वतःसाठी शिकत, आताचे दुसऱ्यांना दाखवण्यासाठी. चू शीला ते फार प्रिय होते. त्याच्या मृत्यूनंतर, १३१३मध्ये, युआन (मंगोल) दरबाराने हुकूम काढला आणि 'लुनयू' धरून रूंच्या चार मुख्य ग्रंथांवरचे त्याचेच भाष्य परीक्षेचा आधार झाले. १९०५मध्ये केजू बंद होईपर्यंत ते तसेच राहिले. ज्या पानावर 'यौ म्हणजे सवड' लिहिले आहे तेच पान लाखो मुलांनी पद मिळवण्यासाठी घोकले. तुमच्या मजकुरात 'श्रेष्ठ' ठेवू नका.

सुन शान डोंगर नव्हे, माणूस. सुंग काळातली (९६०–१२७९) गोष्ट. तो आणि गावचा एक मुलगा परीक्षेला गेले. सुन शानचे नाव यादीत सगळ्यात शेवटी लागले. परतल्यावर मुलाच्या बापाने विचारले, आमच्याचे काय? तो म्हणाला, यादी सुन शानपाशी संपते, तुमचा मुलगा सुन शानच्या पलीकडे आहे. आजही चिनीत परीक्षेत अपयश आले की हेच म्हणतात. मराठीत 'नापास झाला' करू नका. प्रत्येक परीक्षेला जागा ठरलेल्या असत, प्रांताप्रांताचा कोटा होता, ठरावीक गुण मिळवले की पास असे नव्हते. 'यादीत नाव लागले नाही' हे आपल्याकडे रोज म्हणतात, तेच लिहा. होंगच्या वाक्यातही तेच बसेल : 'श्योत्सायच्या यादीत त्याचे नाव चारही वेळा लागले नाही.'