क्रिटिकल रीझनिंग: युक्तिवादातल्या उदाहरणाचं काम कसं ओळखायचं?

टिळकवाडी_परीक्षार्थी

नमस्कार. जीमॅट आणि झॅट, एमबीए प्रवेशाच्या या दोन्ही परीक्षांची तयारी चालू आहे. त्यातल्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांत, अडचण येते. उताऱ्यातलं अमुक उदाहरण कशासाठी दिलंय, असा प्रश्न आला की शेवटी दोन पर्याय उरतात आणि तिथंच गाडी अडते. परीक्षा इंग्रजीत असली तरी चर्चा सोपी व्हावी म्हणून सरावाचा उतारा मराठीत लिहितो.

"ठिबक सिंचन फक्त मोठ्या बागायतदारालाच परवडतं, असं चिकोडी भागातले अनेक जण मानतात. एका गावात मात्र दोन-दोन एकर ऊस असलेल्या आठ शेतकऱ्यांनी मिळून एकच विहीर, एकच पंप आणि एकच फिल्टर वापरला, आणि आठही जणांना ठिबक परवडलं. तेव्हा खर्च वाटून घेतला तर लहान शेतकऱ्यालाही ठिबक परवडू शकतं."

आठ शेतकऱ्यांचं उदाहरण इथं काय काम करतं?

अ) तो युक्तिवादाचा निष्कर्ष आहे.
ब) लेखकाला अमान्य असलेल्या समजाला ते छेद देतं आणि निष्कर्षाला आधार देतं.
क) बहुतेक लहान शेतकरी खर्च वाटून घेतात हे ते सिद्ध करतं.
ड) ते निष्कर्ष फक्त समजावून सांगतं, निष्कर्ष त्याच्यावर उभा नाही.

अ आणि क लगेच बाद होतात. ब आणि ड मधून कसं निवडायचं?

खानापूर_तर्क

उत्तर ब. आधी निष्कर्षावर बोट ठेवा: "परवडू शकतं" हे शेवटचं वाक्य. आता उदाहरण झाकून उतारा वाचा. उरतं काय? "लोक असं मानतात. तेव्हा तसं नाही." मधलं कारणच गेलं. उदाहरण काढल्यावर निष्कर्ष लटकला, म्हणजे ते पुरावा होतं.

ड कुठं लागू पडेल ते बघा. "अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि बराचसा पाऊस घाटातच पडतो. म्हणून बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो. कणकुंबीत पावसाची झोड उठते, तर अथणीला पाण्याची वाट बघावी लागते." इथं कणकुंबी-अथणीचं वाक्य झाका. ढग अडण्याचं कारण जागच्या जागी आहे, निष्कर्षही उभा आहे. गावांची नावं आल्यानं चित्र डोळ्यांसमोर येतं, एवढंच. असल्या उदाहरणाला "स्पष्ट करण्यासाठी दिलेलं" म्हणायचं.

निपाणी_सराव

झाकून बघायची युक्ती चांगली आहे, पण एका ठिकाणी फसवते. लेखकानं एकाच मुद्द्यासाठी दोन उदाहरणं दिली असतील तर एक झाकल्यावर दुसऱ्याच्या जोरावर निष्कर्ष तरतो, आणि झाकलेलं उदाहरण उगाच "फक्त स्पष्टीकरण" वाटायला लागतं. अशा वेळी दोन्ही एकदम झाका.

त्याच्याही आधी बघायचं ते हे की उदाहरण कुणाच्या बाजूचं आहे. "हे खरं आहे की अमुक गावात ठिबकच्या नळ्या दोन हंगामांतच तुंबल्या, पण..." अशी सुरुवात असेल तर ते उदाहरण विरोधकाचं. लेखक ते मान्य करून पुढं जातो. त्याला "निष्कर्षाचा पुरावा" म्हणणारा पर्याय हमखास ठेवलेला असतो आणि घाईत तोच निवडला जातो. पुढं "पण", "तरीही" येतं का, हे बघितल्याशिवाय उदाहरणाची बाजू ठरवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दाव्याचा आवाका. "सगळे", "फक्त", "कधीच नाही" असा दावा एका विरुद्ध उदाहरणानं मोडतो. "बहुतेक", "सहसा" असा दावा एकानं मोडत नाही. आणि "शक्य आहे", "काही जण" असा दावा एकाच उदाहरणानं सिद्ध होऊ शकतो. वरच्या उताऱ्यात समज "फक्त मोठ्या" असा आहे आणि निष्कर्ष "परवडू शकतं" एवढाच. म्हणून एक गाव दोन्हीकडं पुरतं. निष्कर्ष "लहान शेतकऱ्याला ठिबक परवडतंच" असा असता तर एका गावावरून सगळीकडचं अनुमान काढल्याचा दोष लागला असता. मग प्रश्नही वेगळा आला असता: युक्तिवादातली त्रुटी कोणती?

टिळकवाडी_परीक्षार्थी

हे पटलं. मग याच उताऱ्यावर "युक्तिवाद कशानं कमजोर होईल" असं विचारलं तर? आणि ठळक अक्षरांतल्या दोन वाक्यांच्या भूमिका विचारतात, तिथं काय करायचं?

खानापूर_तर्क

कमजोर करायचं असेल तर उदाहरण खोटं आहे असं म्हणणारा पर्याय शोधू नका. आठही जणांना ठिबक परवडलं, हे धरूनच चालायचं. तोडायचा असतो तो उदाहरण आणि निष्कर्ष यांच्यामधला दुवा. इथं लेखक गृहीत धरतो की परवडलं ते खर्च वाटून घेतल्यामुळं. समजा पर्याय म्हणतो, "त्या आठही जणांचा जवळजवळ सगळा खर्च अनुदानातून भागला होता." मग परवडण्याचं कारणच बदललं आणि दुवा तुटला. याउलट, "शेजारच्या गावातल्या मोठ्या बागायतदारांकडंही ठिबक आहे" हा पर्याय खरा असला तरी दुव्याला हात लावत नाही. "अनुदानाशिवायही दुसऱ्या एका गावात असंच जमलं" यानं युक्तिवाद बळकट होतो.

वडगाव_वाचनकट्टा

ठळक वाक्यांबद्दल. पर्याय बघण्याआधी कच्च्या कामासाठी मिळणाऱ्या बोर्डावर प्रत्येक ठळक वाक्यापुढं एक अक्षर लिहा: नि, पु किंवा वि, म्हणजे निष्कर्ष, पुरावा, विरोधी बाजू. पर्यायाचे दोन भाग असतात. पहिला भाग बहुतेकदा दोन-तीन पर्यायांत सारखाच असतो, म्हणून मी आधी दुसरा भाग वाचायला सांगते. अर्धा चुकला की अख्खा पर्याय बाद.

मग क्रियापदं तपासा की. "सिद्ध करतं", "खोडून काढतं", "शंका उपस्थित करतं", "सुसंगत आहे" यांचं वजन वेगवेगळं आहे. वरच्या प्रश्नातला क पर्याय "बहुतेक" आणि "सिद्ध करतं" या दोन्हींवर पडतो. उताऱ्यात आठच शेतकरी आहेत, बहुतेकांबद्दल अवाक्षर नाही.

फॉर एक्झाम्पल दिसलं की स्पष्टीकरण आणि हाउएव्हर दिसलं की विरोध, एवढ्यावर उत्तर ठरवू नका. फॉर एक्झाम्पलनंतर भक्कम पुरावाही येतो, आणि ठिबकच्या उताऱ्यात तर "उदाहरणार्थ" हा शब्दच नाही.

वेळेचं गणित: जीमॅटच्या व्हर्बल (भाषेच्या) विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न, त्यात उताऱ्यांचं वाचनही आलं. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा पुरती येत नाहीत. दोन पर्यायांत अडकलात तर एक निवडा, बुकमार्क करा आणि पुढं चला. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागं येता येतं, पण एका विभागात जास्तीत जास्त तीनच उत्तरं बदलता येतात. ती संधी अशाच प्रश्नांसाठी राखा.

निपाणी_सराव

सरावात एक करा. पर्याय हातानं झाकून, उदाहरणाचं काम आधी स्वतःच्या एका वाक्यात लिहा: "हे उदाहरण अमुक दाव्याला मोडतं" किंवा "अमुक दाव्याला आधार देतं". दाव्याचं नाव त्या वाक्यात यायलाच हवं. ते लिहिता आलं नाही तर निष्कर्ष अजून सापडलेला नाही असं समजा आणि उतारा पुन्हा वाचा. पर्यायांकडं वळू नका.