आईच्या मोतीबिंदूसाठी कोणती लेन्स? (एका डोळ्याला ३० हजार)

पाटणची_पोर: आई ६९ वर्षांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. शुगर १२ वर्षं. लहानपणापासून उणे तीनचा चष्मा, अजूनही तो कपाळावर सरकवून सुई ओवते. गोधड्या शिवते. दवाखान्यात रेटकार्ड दिलंय: मोनोफोकल (एकाच अंतराचं स्पष्ट), टोरिक (सिलिंडर नंबरवाल्यांसाठी), ईडॉफ (लांबचं ते मधल्या अंतराचं), मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही). बजेट एका डोळ्याला ३० हजार, त्यावर एक रुपया नाही. दहा वर्षांनी डोकेदुखी नको. अनुभव सांगा.

तात्या_मिरजकर: मल्टिफोकल घ्या, डोळे झाकून! मी दोन्हीला मिळून पावणेदोन लाख घातले. पेपर, टीव्ही, सगळं बिनचष्म्याचं. ऑपरेशन एकदाच होतं, तिथं हात आखडू नका.

अळूवडी: तात्या, बजेट ३० आहे हो. आमच्या ह्यांनाही तीच बसवली. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती चकलीएवढी वलयं दिसतात. खंबाटकीत स्टिअरिंग माझ्या हातात दिलं ते कायमचं.

तात्या_मिरजकर: मला नाही दिसत वलयं.

अळूवडी: तुम्ही रात्री नऊला झोपता, तुम्हीच लिहिलं होतंत.

निवृत्त_मास्तर: मोतीबिंदू आधी पिकू द्यावा. बाकी, ही लेन्स सुचली कशी माहीत आहे का? युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे कपचे घुसले आणि डोळ्यांनी ते मुकाट्याने सोसले. त्यावरून इंग्रज डोळ्यांचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडलींनी १९४९ मध्ये लंडनला पहिली लेन्स बसवली. आम्ही वर्गात सांगायचो.

नंबरवाला: मास्तर, पिकू देण्याचे दिवस गेले. फार पिकला की कडक होतो, काढायला त्रास. ताई, वीस वर्षं हेच नंबर काढलेत म्हणून लिहितो. मल्टिफोकल आत येणारा उजेड लांब-जवळ वाटून टाकते, त्यात रंगांचा उठाव कमी होतो. शुगरने उद्या डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बिघडला तर आहे ती नजरही मंद वाटेल. आधी पडदा तपासून घ्या. दुसरं, नावापेक्षा मटेरियल विचारा. हायड्रोफोबिक (पाणी न धरणारं) ॲक्रिलिक, चौकोनी कडेची असली की लेन्स बसते त्या पिशवीवर मागून जाळी कमी धरते. हायड्रोफिलिकला (पाणी धरणाऱ्या) जास्त. धरली तरी याग लेसरने काही मिनिटांत साफ होते, पण तेवढी फेरी वाचते. टोरिक फक्त सिलिंडर नंबर (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याचा) असेल तर. तीही दहा अंश फिरली की एक तृतीयांश फायदा गेला. मी म्हणेन मोनोफोकल, लांबचं सेट करून. वाचायला चष्मा. आणि लेन्सचं स्टिकर असलेलं कार्ड जपून ठेवा.

सदाशिव_पेठी: इम्पोर्टेडच घ्या. देशी लेन्स डोळ्यात घालायची हिंमत होत नाही.

नंबरवाला: मदुराईचं ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवतंय, परदेशात जातात त्या.

सदाशिव_पेठी: जात असतील. माझं मत सांगितलं.

कोकणी_मेवा: मोनोफोकल, लांबचं. वर सांगितलंय तेच.

गवती_चहा: +१. लांबचं. जवळचा चष्मा दोनशे रुपयांत मिळतो.

तात्या_मिरजकर: अजूनही सांगतो, मल्टिफोकल. कर्ज काढा.

पाटणची_पोर: सगळ्यांचे आभार. पडदा तपासला, सूज नाही, पण शुगरचे बारीक ठिपके आहेत. म्हणून मोनोफोकल, हायड्रोफोबिक, २६ हजार. मात्र लांबचं नाही, जवळचं सेट करून घेतलं, म्हणजे लांबचा नंबर उणे अडीच ठेवून. आई म्हणाली, "जन्मभर चष्मा काढून सुई ओवली, आता म्हातारपणी घालून ओवू व्हय?" डॉक्टर हसले, म्हणाले चालेल की.

तात्या_मिरजकर: अहो, मग लांबचं चष्म्याशिवाय दिसणारच नाही!

पाटणची_पोर: तिला कधी दिसत होतं, तात्या? परवा उजवा झाला. काल पट्टी काढल्यावर माझ्या कुर्त्याची उसवलेली शिवण तिनं आधी पकडली. टाका घालायचा हट्ट धरून बसली आहे, ड्रॉप्स संपेपर्यंत सुई लपवून ठेवलीय.

गवती_चहा: दवाखाना कुठला? व्यनि (खासगी निरोप) करा.