पाकीट उलटं करून बघा

(आमच्या सोसायटीचा ग्रुप, पाथर्डी फाटा, नाशिक)

शनिवार

पवार, सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १२ टाकी धुणार आहेत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे. नंतर फोन करू नये.

मेघना सी-४०४: भरते दादा. मला सगळ्यांना एक वेगळंच विचारायचंय. अर्णवच्या शाळेत शुगर बोर्ड लागलाय, कशात किती साखर ते दाखवणारा फलक, सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना सांगितलं होतं ना, तो. बाईंनी पोरांना सकाळच्या खाण्याचं एकेक पाकीट घेऊन यायला सांगितलं. म्हणून काल रात्री मी आमचं पाकीट पहिल्यांदा उलटं केलं. तीन वर्षं आणतेय, मागे कधी बघितलं नव्हतं.

मेघना सी-४०४: दुधात टाकायचे ते चॉकलेटचे गोल फुगे. पुढच्या बाजूला मल्टीग्रेन, व्हिटॅमिन्स, आयर्न आणि उगवता सूर्य. मागच्या बाजूला १०० ग्रॅमला २९ ग्रॅम साखर.

मेघना सी-४०४: मग वजनकाटा काढला. अर्णवला म्हटलं, रोज घेतोस तेवढं वाटीत घे. भरलं ६८ ग्रॅम. पाकीट म्हणतं एक सर्व्हिंग ३० ग्रॅम. तेवढं काढून दाखवलं तर म्हणतो, "आई, एवढं तर माझं सांडतं."

प्रशांत आहेर बी-३०३: 😂😂 पोरगं खरं बोललं

मेघना सी-४०४: ६८ ग्रॅमची झाली साधारण २० ग्रॅम साखर. वर दुधात दोन चमचे चॉकलेट पावडर, तिची ७. चहाचा चमचा ४ ग्रॅमचा धरला तर पावणेसात चमचे. तेवढी साखर मोजून बशीत ओतली, बशीचा तळ दिसेना. सासूबाईंना डायबेटिस म्हणून त्यांना मी रोज बिनसाखरेचा चहा देते, त्याच कपाची ती बशी.

सुनंदा शिंदे ए-२०२: अगं बाई.

कुलकर्णी काका ए-१०१: आम्ही एकही लेबल न वाचता एकाहत्तरीला आलो. पोहे, उपमा, थालीपीठ. विषय संपला.

मेघना सी-४०४: काका, तुमच्या लहानपणी घरात लेबल असलेली वस्तू होती तरी कोणती?

कुलकर्णी काका ए-१०१: वनस्पती तुपाचा डबा.

प्रशांत आहेर बी-३०३: तोच नेमका वाचायला हवा होता काका 🙏

मेघना सी-४०४: राहुलदादा, तुम्ही फूड कंपनीत क्वालिटीला आहात ना? हे वाचायचं कसं ते तरी सांगा. आकडे दिसतात, अर्थ लागत नाही.

राहुल निकम बी-२०१: सातपूरहून निघतोय, घरी पोचलो की लिहितो.

राहुल निकम बी-२०१: हां. आधी घटकांची यादी बघा, तक्ता नंतर. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, नियमच आहे. जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं. त्यामुळे पहिले तीन घटक वाचले तरी पाकिटात काय आहे ते कळतं. मेघना, तुझ्या पाकिटाचे पहिले तीन सांग.

मेघना सी-४०४: कॉर्न ग्रिट्स, शुगर, रिफाइंड व्हीट फ्लोअर.

राहुल निकम बी-२०१: म्हणजे मक्याची कणी, साखर आणि मैदा. मल्टीग्रेन शब्द खोटा नाही, एकापेक्षा जास्त धान्यं असली की झालं मल्टीग्रेन. मका आणि मैद्यातसुद्धा होतं.

राहुल निकम बी-२०१: आता यातली गंमत. साखर दुसऱ्या नंबरवर दिसली तर गिऱ्हाईक बिचकतं. म्हणून काही ठिकाणी ती वाटून टाकतात. थोडी शुगर, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडा मध, थोडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट. प्रत्येकाचं वजन कमी, म्हणून प्रत्येक जण यादीत खाली. सगळ्यांची बेरीज केली तर वरच्या बाकावर बसतील. मुसलीच्या पाकिटावर हे शोधा, बऱ्याचदा सापडतं.

राहुल निकम बी-२०१: दुसरं. पुढे बदामाचं चित्र असलं की मागे बदामाचा टक्का द्यावा लागतो. चित्राने किंवा शब्दाने ज्या घटकाचा गवगवा केला, त्याचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे. कंसात असतं, बारीक अक्षरात.

सुनंदा शिंदे ए-२०२: थांबा. नागलीची, म्हणजे नाचणीची बिस्किटं आहेत घरात. पुढे केवढं मोठं नागलीचं कणीस काढलंय. मागे मैदा पहिला, मग साखर, मग पाम तेल, मग नागली ८ टक्के 😡

राहुल निकम बी-२०१: १०० ग्रॅममध्ये ८ ग्रॅम. चिमूटभर नागली आणि वर्तमानपत्रभर जाहिरात.

मेघना सी-४०४: आणि ते 'टक्के आरडीए'? माझ्या पाकिटावर एका सर्व्हिंगला साखर १७ टक्के लिहिलीय. वाचून वाटलं, बरंय, फार नाही.

राहुल निकम बी-२०१: दिवसभराच्या प्रमाणातला किती वाटा एका सर्व्हिंगमध्ये येतो, तो टक्का. आणि तो मोठ्या माणसाचा. २००० कॅलरी खाणारा माणूस धरतात, आणि वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅम. अर्णव सात वर्षांचा, त्याचं सगळंच कमी. शिवाय हिशोब ३० ग्रॅमचा आणि तो खातो ६८. म्हणून सर्व्हिंगचा रकाना सोडून द्या, दर १०० ग्रॅमचा वाचा. दोन पाकिटांची तुलना करायची तर तोच कामाचा. मिठाचं असं, सोडियमला अडीचने गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. मसाला ओट्सवर करून बघा.

मेघना सी-४०४: चॉकलेट पावडरवर तर पूर्वी हेल्थ ड्रिंक लिहिलेलं असायचं.

राहुल निकम बी-२०१: आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं त्या नावाच्या यादीतून काढा. पावडर तीच आहे, फक्त तिचं कपाट बदललं.

प्रशांत आहेर बी-३०३: *अनेक वेळा फॉरवर्ड केलेला मेसेज* सावधान!! पाकिटावर ई-६३१ दिसलं तर त्यात डुकराची चरबी!! जास्तीत जास्त हिंदू बांधवांना पाठवा!!

राहुल निकम बी-२०१: प्रशांत, हा मेसेज व्हॉट्सअॅपपेक्षा म्हातारा आहे. ६३१ ही चव वाढवणारी पावडर, ती आंबवण्याच्या प्रक्रियेतूनही बनते. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर दूध, मध असलं सोडून प्राण्यापासूनचं काही त्यात चालत नाही. मांसाहारी असेल तर तपकिरी त्रिकोण असतो. आणि आकडा दिसला की विष, असंही नाही. ५०० म्हणजे खायचा सोडा. ३३० म्हणजे लिंबूफूल. ढोकळ्यात आपण दोन्ही घालतो.

प्रशांत आहेर बी-३०३: *हा मेसेज डिलीट करण्यात आला*

सुनंदा शिंदे ए-२०२: ब्राऊन ब्रेडचं काय? आमच्याकडे दोन वर्षं तोच.

राहुल निकम बी-२०१: पहिला शब्द वाचा. होल व्हीट किंवा आटा असेल तर ठीक. रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल आणि शेवटाकडे १५०ए, तर तो कॅरॅमलचा रंग लावलेला मैद्याचा पाव. पण पाकीट म्हणजे वाईटच असं डोक्यात घेऊ नका. साध्या रोल्ड ओट्सच्या पाकिटावर एकच घटक असतो, ओट्स. चांगल्या इडलीच्या पिठात तांदूळ, उडीद डाळ, पाणी, मीठ. शेंगदाण्याच्या बटरमध्ये फक्त शेंगदाणे, असंही मिळतं. घ्या बिनधास्त.

कुलकर्णी काका ए-१०१: एवढं करण्यापेक्षा घरचं करावं. आमच्या हिने आयुष्यात पाकीट आणलं नाही.

मेघना सी-४०४: काका, रागावू नका. अर्णवची बस ६:५० ला येते. साडेसातला मला अंबडला पंच करायचं असतं. रात्री भांडी आवरून झोपायला साडेअकरा. ते पाकीट हौस म्हणून नाही आणत मी, ते मला सकाळची वीस मिनिटं देतं. काकू उठायच्या किती वाजता?

कुलकर्णी काका ए-१०१: पाचला.

मेघना सी-४०४: आणि तुम्ही?

कुलकर्णी काका ए-१०१: पेपर साडेसहाला यायचा.

सुनंदा शिंदे ए-२०२: 🤭

राहुल निकम बी-२०१: घरचं म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही काका. शिऱ्याला रव्याइतकीच साखर घालतो आपण. वाटीला वाटी. त्याच्यावर लेबल लावलं तर तेही मेघनाच्या फुग्यांच्या जवळपास जाईल.

देशपांडे आजी बी-१०२ (ओंकार टाइप करतोय): आजी म्हणतेय शिरा सत्यनारायणाला करतात, रोज नाही. आणि गुळाचा करा, गूळ म्हणजे साखर नव्हे.

राहुल निकम बी-२०१: आजी, चव सोडली तर शरीराला फारसा फरक कळत नाही. गुळात खनिजं थोडीफार असतात, पण ती भरपूर मिळायला जेवढा गूळ खावा लागेल, तेवढा खाऊ नये.

देशपांडे आजी बी-१०२ (ओंकार टाइप करतोय): आजी म्हणतेय तुला काही कळत नाही. प्रेमाने म्हणतेय.

सुनंदा शिंदे ए-२०२: मेघना, ऐक. माझं माहेर सुरगाण्याकडचं. आमच्याकडे नागलीच असायची, भाकरी आणि आंबील. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून अख्खी नागली आण, नाहीतर माझ्याकडे आहे चार किलो. रात्री एक वाटी पीठ, पाव वाटी बारीक रवा, एक वाटी ताक असं कालवून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी मीठ, जिरं, कांदा, कोथिंबीर. पीठ रात्रीत फुगून घट्ट होतं, तर पाणी घालून चांगलं पातळ कर, पळीतून धार पडली पाहिजे. तवा कडकडीत तापला की कडेकडून ओत, मध्ये नाही. झाकण ठेव. जाळी पडली की उलट. पाच मिनिटांत दोन धिरडी.

मेघना सी-४०४: काळपट दिसतं ना ते? अर्णव हात लावणार नाही.

सुनंदा शिंदे ए-२०२: चॉकलेट डोसा म्हण.

राहुल निकम बी-२०१: नागलीत कॅल्शियम खरंच भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दुधात १०० मिलीला १२० धरा. अर्थात धान्यातलं सगळं अंगी लागत नाही, त्यामुळे दूध बंद करू नका. मोड आणून दळली तर आणखी बरं. आणि वहिनी, तुमच्या धिरड्याचे सगळे घटक मेघनाने आत्ता वाचले. एकही शोधावा लागला नाही.

रविवार

पवार, सेक्रेटरी: टाकी धुणे सुरू. मोटर कोणीही चालू करू नये.

मेघना सी-४०४: निकाल सांगते. पहिलं धिरडं तव्याला चिकटलं, खरवडून मी खाल्लं. दुसरं जमलं. अर्णव म्हणाला, हा चॉकलेट डोसा नाही, मला फसवू नका. मग त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि अर्धं केळं कापून ठेवलं. दीड खाल्लं. अर्धं बाबांच्या ताटात टाकलं.

सुनंदा शिंदे ए-२०२: पहिल्या दिवशी दीड म्हणजे खूप झालं.

मेघना सी-४०४: पाकीट फेकलं नाहीये, १९० रुपयांचं आहे. वरच्या फळीवर ठेवलंय. फक्त रविवारी, आणि काट्यावर ३० ग्रॅम मोजून. बाकीचे दिवस असे ठरलेत: दोन दिवस धिरडं, दोन दिवस मटकी घातलेले पोहे, एक दिवस विकतच्या पिठाची इडली, शनिवारी उकडलेलं अंडं आणि पोळी. बघू किती आठवडे टिकतं. मार्चमध्ये कंपनीत ऑडिट असतं, तेव्हा विचारू नका.

प्रशांत आहेर बी-३०३: आज आमच्याकडे मिसळ आहे, कोणाला हवी? पाव मैद्याचा, शेवेचं लेबल दुकानदाराने लावलेलं नाही, तर्रीचं तेल मोजलेलं नाही.

राहुल निकम बी-२०१: दोन प्लेट.

मेघना सी-४०४: एक. आणि आमच्या ह्यांनाही एक.

कुलकर्णी काका ए-१०१: राहुल, एक शंका. काल संध्याकाळी मी खाली बाकावर बसलो होतो. अर्णव आला, माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा घेतला आणि उलटा करून मोठ्याने वाचायला लागला. डायजेस्टिव्ह आहेत. साखर निघाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी सकाळी चहाबरोबर चार खातो. पुढे गव्हाची लोंबी आहे. पोरगं म्हणालं, आजोबा, पहिला मैदा आहे. गव्हाचं पीठ तिसरं.

राहुल निकम बी-२०१: साखर किती लिहिलीय, दर १०० ग्रॅमला?

कुलकर्णी काका ए-१०१: भिंग घेऊन वाचली. १५ ग्रॅम. एक बिस्किट १० ग्रॅमचं आहे.

राहुल निकम बी-२०१: चार बिस्किटं म्हणजे ६ ग्रॅम. दीड चमचा.

कुलकर्णी काका ए-१०१: सहा वर्षं चहा बिनसाखरेचा पितोय मी.

राहुल निकम बी-२०१: हो काका. शिवाय मैदा वेगळा. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे पुडाच घेऊन जा.

सुनंदा शिंदे ए-२०२: काका, थोडं नागलीचं पीठ पाठवू का? कोरड्या डब्यात चांगलं टिकतं. बाजरीसारखं लगेच कडू होत नाही.

कुलकर्णी काका ए-१०१: पाठवा. आणि हा पुड्याचा विषय हिच्या कानावर घालू नका कोणी. घरात अजून तीन आहेत, कपड्यांच्या कपाटात.

कुलकर्णी काकू ए-१०१: मी ग्रुपवर आहे. तिन्ही आणून ओट्यावर ठेवा.