गाण्याची अर्धीच ओळ डोक्यात अडकते – ओसीडी असलेल्यांनी सांगा

कृष्णाकाठची:
मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. ओसीडी (मंत्रचळ, म्हणजे नको तो विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच ती कृती करत राहणं) कॉलेजपासून आहे. तेव्हा गॅसचा नॉब आणि कुलूप, ते सरट्रालिनच्या गोळीवर बऱ्यापैकी आटोक्यात आलं. आता वेगळंच सुरू झालंय. सकाळी येणाऱ्या घंटागाडीच्या गाण्यातली एक ओळ, तीही अर्धी, दिवसभर डोक्यात वाजते. बाहेरून ऐकू येत नाही, आपल्याच डोक्यात आहे हे पक्कं कळतं. फळ्यावर समीकरण मांडतानाही आत ती चालूच. गाण्यापेक्षा भीतीच जास्त छळते, की हे कधीच थांबलं नाही तर? डोळे उघडले की आधी तपासते, आहे का अजून? तपासलं की असतेच. मग मनातल्या मनात ओळ पूर्ण करते, शेवटचा सूर नीट लागला की मिनिटभर बरं वाटतं. झोपताना इअरफोनवर दुसरं काहीतरी लावते. आता गणपती येतील, मंडळाचा स्पीकर आमच्या खिडकीसमोरच असतो. नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणाल्या नामस्मरण कर. केलं, तर नामालाही तीच चाल लागली. हसू नका.

विसूनाना:
अहो, हे सगळ्यांनाच होतं. च्युइंगम चघळा. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रयोग केला होता, चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा आलं. उगाच आजाराचं नाव कशाला द्यायचं?

ताशावाला_चिंचवड:
नाना, प्रयोग खरा आहे, पण तो चारचौघांच्या डोक्याला. आमच्यासारख्याला च्युइंगम दिलंत तर पुढच्या महिन्यात खिशात पाकीट नसलं तर तो घराबाहेर पडणार नाही.

ताई, मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, पोटापाण्याला अकाउंट्स. माझ्या डोक्यात शब्द नव्हतेच, नुसता ठेका. पावसाळ्यात नदीपात्रात सराव सुरू झाला की घरी आल्यावरही तो चालू. दात दातांवर आपटून मी तो समेवर आणायचो. सम चुकली की परत पहिल्यापासून. जीएसटीचं रिटर्न वीस तारखेच्या आत भरायचं आणि मी आपला कॉम्प्युटरसमोर दात वाजवत. दाढा दुखायला लागल्या तेव्हा दंतवैद्याने विचारलं, रात्री दात खाता का? म्हटलं, दिवसाच खातो. पथक सोडलं, तर ठेका अजून वाढला.

मग मानसोपचारतज्ज्ञांनी ईआरपीसाठी पाठवलं, म्हणजे ज्याने अस्वस्थ वाटतं ते मुद्दाम समोर आणायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, अशी थेरपी. तिथल्या बाईंनी माझाच ताशा मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावला आणि समेच्या बरोब्बर आधी कापायला सांगितलं. तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि दात वाजवायचे नाहीत. सुरुवातीला घाम फुटायचा, खरंच सांगतो. वादकाला अर्धवट आवर्तन म्हणजे छळ. हळूहळू मात्र चक्क कंटाळा यायला लागला, आणि बाईंना तोच हवा होता. ठेका अजूनही येतो, हे लिहितानाही आहे. पंख्याच्या घरघरीसारखा असतो आपला. पथकात परत गेलोय.

तुमचं ओळ पूर्ण करणं, सकाळचं तपासणं आणि इअरफोन, हे तिन्ही माझ्या दातांचेच भाऊबंद.

मानसी_समुपदेशक:
वरच्या दादांनी नेमकं सांगितलं. डोक्यात आलेलं गाणं दाबू नका. मानसशास्त्रज्ञ वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं होतं, त्यांना तो टाळता येईना, आणि मुभा मिळाल्यावर तर जास्तच आला. ईआरपीची सुरुवात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये केली, म्हणजे हे काही नवं खूळ नाही.

गाणं बाहेरून ऐकू आल्यासारखं वाटलं असतं तर तो वेगळा प्रकार, मग कानही तपासावे लागतात. तुमचं तसं दिसत नाही, पण निदान इथे होत नसतं. गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका, नवी लक्षणं डॉक्टरांना सांगा. ओसीडीत या औषधांचा डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. स्पीकरची खिडकी हे पहिलं पाऊल नको, सोप्यापासून चढत जा. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठची:
डॉक्टरांची वेळ घेतली. ताशावाले दादा, एक विचारू? माझी ओळ लक्षात यायच्या आधीच पूर्ण होऊन जाते. एसटीत बसल्या बसल्या. तेव्हा काय करायचं?

ताशावाला_चिंचवड:
बिघडवायची. पूर्ण झालेली कळली की मुद्दाम ती अर्धी ओळ परत आणायची, शेवटचा सूर लावायचा नाही, आणि तशीच लटकत ठेवून तिकीट काढायचं. कंडक्टर सुट्ट्यांवरून वाद घालत असेल तर आणखी उत्तम. बाईंनी मला हेच सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या मात्र.

विसूनाना:
माघार. ताई, आमच्या मंडळाचा स्पीकर यंदा दहाला बंद करायला सांगतो, तुमचं गाव आमचं नसलं तरी.

ताशावाला_चिंचवड:
नाना, ताईंना तो लागणार आहे हो. सरावाला.