बी.कॉम.ला अकौंटिंग घ्यावं की फायनान्स?

खानापूरकर: धाकट्या भावाचं पीयूसी (बारावी) कॉमर्स झालंय. बी.कॉम.ला दोन्ही पर्याय आहेत. नोकरी शक्यतो बेळगावातच हवी. काय घ्यावं?

वहीखातं: बेळगावातच राहायचं तर अकौंटिंग. उद्यमबागेतल्या फौंड्रीपासून रविवार पेठेतल्या होलसेलवाल्यापर्यंत सगळ्यांना टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी येणारा माणूस लागतो. मासिक रिटर्न असेल तर 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरायचं, 14 ला 2बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची यादी) येतं, 20 पर्यंत 3बी (एकूण गोषवारा आणि कर) भरायचं. मधल्या दिवसांत 2बी खरेदीशी बिलवार जुळवायचं. नवी पोरं नुसती बेरीज जुळवून मोकळी होतात. एक बिल सुटलेलं, दुसरं दोनदा चढलेलं, तरी बेरीज बरोबर! पुरवठादारानं बिल चढवलंच नसेल तर क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं, मग फोन करत बसा.

शहापूर_07: फायनान्सलाही इथं काम आहे, पण बँकेच्या अंगानं. कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावर धंद्याला मिळणाऱ्या बँकेच्या कर्जाचं, उदाहरण घ्या. माल 40 लाखांचा, त्यातले 10 लाख पुरवठादारांना अजून द्यायचे. उरलेल्या 30 वर 25 टक्के मार्जिन (धंदेवाल्याचा स्वतःचा वाटा) धरलं तर उचल साडेबावीस लाख (गिऱ्हाइकांकडची येणी वेगळी). पण ताळेबंद वाचता येत नसेल तर हे आकडे नुसतेच पाठ होतात. शेअर बाजाराच्या रील बघून फायनान्स घेऊ नका म्हणावं.

वहीखातं: हे खरं. आणि सीए करायचं असेल तर मेजरचं (मुख्य विषयाचं) नाव बघत नाहीत. बी.कॉम.ला 55 टक्के असले की फौंडेशन (सीएची पहिली परीक्षा) न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता 2 वर्षांची. कन्नड वाचायला मात्र आत्ताच शिकू दे, सरकारी कागद त्यातच येतात.