अविवाहित जोडीदाराला प्राप्तिकरात अवलंबित दाखवता येते का?

प्रश्न – सुपारीबाग, रत्नागिरी

मी रत्नागिरीत खाजगी कंपनीत नोकरी करते आणि गणपतीपुळ्याजवळ जोडीदाराच्या वडिलोपार्जित घरात त्यांच्यासोबत राहते. त्यांचा घटस्फोटाचा दावा प्रलंबित असल्याने आम्हाला अद्याप विवाह करता आलेला नाही. घरातल्या दोन खोल्या ते पर्यटकांना देतात आणि त्यातून वर्षाकाठी अडीच लाख सुटतात. पावसाळ्यात मात्र घरखर्च माझ्यावरच येतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये मी त्यांच्या आरोग्यविम्याचा २२,००० रुपयांचा हप्ता भरला आणि छपराचे कुजलेले वासे व रिपा बदलण्यासाठी २,४०,००० रुपये त्यांच्या खात्यात वर्ग केले. मी जुनी करप्रणाली निवडली आहे. न्यू जर्सीतील माझ्या मावसभावाने लग्नाविनाच सोबतिणीला अवलंबित दाखवले आहे. मलाही ते शक्य आहे का? कंपनीच्या फॉर्मात ‘नाते’ या रकान्यात ‘पती’ लिहून मोकळे व्हावे, असे एक सहकारी म्हणतात.

उत्तर – खाडीकाठ

तसे अजिबात लिहू नका. खोटी माहिती देऊन वजावट घेतल्याचे ठरले, तर बुडालेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. कर आणि व्याज निराळे. सल्ला देणाऱ्याचे काय जाते?

उत्तर – जमाखर्च, चिपळूण

मावसभावांचे उदाहरण तिथल्या कायद्यापुरतेच खरे आहे. अमेरिकेत जोडीदार वर्षभर त्याच घरात राहत असेल, त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल आणि त्याच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च करदाता करत असेल, तर इतर अटी पाळून त्याला अवलंबित दाखवता येते व ५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळते. आपल्याकडे अवलंबितांसाठी अशी सरसकट सवलत विवाहित जोडीदारासाठीही नाही. ठरावीक खर्चांवर वजावट मिळते, आणि कोणासाठी केलेला खर्च चालेल ते प्रत्येक कलम स्वतंत्रपणे सांगते. आरोग्यविम्याच्या कलम ८०ड मध्ये स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबित मुले आणि आईवडील एवढीच माणसे बसतात. कितीही वर्षे एकत्र राहिलात, तरी या कलमापुरते आपले जोडीदार परकेच. त्यामुळे २२,००० रुपयांची वजावट विसरावी.

माझ्या मते, हप्त्यापेक्षा छपराच्या पैशाकडे आधी पाहावे. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम विनामोबदला मिळाली, तर ती सगळीच्या सगळी घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. आपणही त्याच घरात राहता, म्हणून हा सामाईक घरखर्च आहे असा युक्तिवाद करता येईल. मी त्यावर विसंबणार नाही. जोडीदाराचे दुसरे काही उत्पन्न नसेल, तर ही रक्कम धरून बेरीज ४,९०,००० होते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत मिळणाऱ्या सवलतीमुळे कर शून्य येईल. मात्र ४ लाखांची मर्यादा ओलांडल्याने त्यांना विवरणपत्र भरावेच लागेल.

या परकेपणाचा एक फायदाही आहे. पतीला दिलेल्या पैशावरचे व्याज पत्नीच्या उत्पन्नात मिळवले जाते. आपल्या बाबतीत तो नियम लागत नाही.

सुपारीबाग

आभारी आहे. मग ही रक्कम उसनी दिली असे दाखवले तर?

जमाखर्च, चिपळूण

देतानाच तसे ठरले असेल, तर अवश्य दाखवा. तेव्हाचे संदेश जपून ठेवा आणि परतफेड बँकेतूनच होऊ द्या, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्जाचा रोख व्यवहार कायद्याला चालत नाही. मागाहून जुन्या तारखेचा कागद मात्र करू नये. पुढच्या वर्षापासून आरोग्यविम्याचा हप्ता जोडीदारांनी स्वतःच्या खात्यातून भरावा आणि सुताराची व लाकडाच्या वखारीची बिले थेट आपल्या नावावर घेण्यापूर्वी सनदी लेखापालांना एकदा विचारावे, कारण घर जोडीदारांच्या मालकीचे आहे.