लेवीय 23 मधले सण: पाळायचे की अभ्यासायचे?

फतेगंजकर
सलाम. वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी बायबल अभ्यास गटात लेवीय 23 घ्यायचे ठरले आहे. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी वल्हांडणाचे (मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाचे) भोजनही करावे, असे काहींचे म्हणणे. हे सण विश्वासणाऱ्यांना बंधनकारक आहेत का? बेखमीर भाकर म्हणून घरची पोळी चालेल का? आणि 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला, तर वल्हांडण 22 एप्रिलच्या संध्याकाळी, असे का झाले?

दांडियाबाजार_वाचक
बंधन नाही. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांना चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या, त्यांत सणांचा विषयच नाही. कलस्सै 2:17 सणांना पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणते. अभ्यास मात्र जरूर करा. पौलाने ख्रिस्ताला 'वल्हांडण' आणि 'प्रथमफळ' का म्हटले, ते या अध्यायाशिवाय उलगडत नाही.

पोळीत यीस्ट नसते म्हणून आपण तिला बेखमीर समजतो. यहुदी परंपरेत प्रश्न वेळेचा आहे: पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत भाजून व्हायला हवे. आपण कणीक तिंबून झाकून ठेवतो, तिथेच ती बाद. 250 ग्रॅम कणकेला साधारण 130 मिली गार पाणी घ्या. मीठ, तेल नको. घट्ट मळून लगेच सहा गोळे करा, पातळ लाटा, काट्याने सगळीकडे टोचा आणि तापलेल्या तव्यावर कडक होईपर्यंत भाजा. टोचली नाही तर भाकर वाफेने फुगते, मऊ राहते आणि मोडण्याऐवजी फाटते. किलोभर कणीक एकदम भिजवू नका. शेवटची लाटेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. प्रभुभोजनाला ही 18 मिनिटांची अट नाही, पण निर्गम 12:39 मधली मिसर सोडतानाची घाई हाताला कळावी म्हणून एकदा असे करून पाहा.

एक कळकळीची विनंती. चार प्याले आणि सजवलेले ताट असलेला आजचा सेदेर (वल्हांडणाच्या रात्रीचे विधिवत भोजन) सन 70 मध्ये मंदिर पडल्यानंतर या रूपाला आला. प्रभूने वरच्या माडीवर नेमका हाच क्रम पाळला, असे शिकवू नका. यहुद्यांसाठी तो आजचा जिवंत सण आहे. त्यावर आपला अर्थ चढवून केलेला प्रयोग त्यांच्यापैकी अनेकांना दुखावतो. निर्गम 12 वाचा, बेखमीर भाकर आणि मेथीची कच्ची पाने खा, मग नेहमीच्या विधीने प्रभुभोजन घ्या.

मांडवी_पंचांग
तारखांचे उत्तर आपल्या अधिक मासात आहे. यहुदी पंचांगात 19 वर्षांत 7 वेळा महिना वाढतो. 2024 मध्ये अदार महिना दोनदा आला, म्हणून वल्हांडण हनुमान जयंतीच्या पौर्णिमेला गेला. ईस्टर 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. त्या वर्षी ती पौर्णिमा होळीचीच निघाली. 2026 मध्ये दोन्ही जवळ आहेत: 1 एप्रिलची संध्याकाळ आणि 5 एप्रिल.

अभ्यासात गडबड होते ती पहिल्या कापणीची पेंढी ओवाळण्याच्या दिवशी. 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी' म्हणजे कधी? सदूकी (मंदिराच्या याजकांशी जोडलेला यहुदी पक्ष) साप्ताहिक शब्बाथ, म्हणजे शनिवार, धरत, त्यामुळे त्यांचा दिवस नेहमी रविवारी येई. परूशी (नियमशास्त्र शिकवणारा दुसरा पक्ष) सणाचा पहिला दिवस हाच शब्बाथ धरत, म्हणजे पेंढीचा दिवस वल्हांडणाच्या निसान महिन्याची 16 तारीख. पुनरुत्थानाशी जोडताना कोणती मोजणी घेतली, ते आधी सांगा. पन्नासावा दिवस (पेंटेकॉस्ट) त्यावरूनच ठरतो.

रावपुरा_वाचन
मांडवींच्या मुद्द्याला जोडून: पेंढी सातूची, पन्नासाव्या दिवसाचे अर्पण गव्हाचे. त्या दोन भाकरी खमीर घालून भाजलेल्या असतात (23:17), त्यामुळे 'खमीर म्हणजे नेहमीच पाप' हा सोपा धडा इथे टिकत नाही. बऱ्याच ख्रिस्ती भाष्यकारांना त्या दोन भाकरींत यहुदी आणि परराष्ट्रीय दिसतात. मला हा अर्थ सुंदर वाटतो, पण वचनात तो थेट नाही, एवढे गटात सांगा.

शरद ऋतूतले सण घाईने उरकू नका. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दरफाळणीचा सण' म्हटले: दारे बंद करून उपास. इब्री 9 शेजारी ठेवून वाचा. मंडपांचा सण कोजागिरीच्या सुमारास येतो. गच्चीवर मांडव घालणार असाल तर छत तोडलेल्या झावळ्यांचे हवे, उन्हापेक्षा सावली जास्त, तरी रात्री तारे दिसावेत. झाडाखाली किंवा सज्जाखाली घातलेला मांडव चालत नाही. या सणात हातात धरायचे फळ म्हणजे आपले महाळुंग. योहान 7:37 त्या रात्री मांडवातच वाचा.